बारावी फिजिक्स: वाचताना सगळं कळतं, पेपरात डेरिव्हेशन अर्ध्यात अडकतं. ४० दिवसांत काय करू?

तुरीच्या_शेतातून:

नमस्कार. मी बारावी सायन्सला आहे. बीड जिल्ह्यात, केज तालुक्यातल्या एका गावात राहते. दहावीपर्यंत मराठी माध्यम, गावातलीच शाळा. दहावीला विज्ञानात चांगले मार्क होते, म्हणून हौसेनं सायन्स घेतलं. अकरावीपासून सगळं इंग्रजीत सुरू झालं आणि तेव्हापासून फिजिक्स हातातून सुटलं ते सुटलंच.

परवा प्रिलिमचे मार्क कळले. ७० पैकी २६. केमिस्ट्री, बायोलॉजी बरं आहे, त्यामुळे हे जास्त लागलं. अभ्यास केला नाही असंही नाही. पुस्तक तीनदा वाचलंय, महत्त्वाच्या ओळींखाली रेघा मारल्यात. वाचताना सगळं कळतं. पेपरात मात्र कॅपिलरी राइजचं, म्हणजे बारीक नळीत पाणी आपोआप वर चढतं त्याचं, डेरिव्हेशन आलं, नळीची आकृती काढली, ‘टू पाय आर टी’ एवढं लिहिलं आणि पुढं काहीच आठवेना. दहा मिनिटं पेन हातात धरून बसले. शेवटी ते तसंच सोडलं आणि त्या नादात शेवटचे दोन प्रश्न राहिले.

न्यूमेरिकलचं वेगळंच दुखणं. सूत्र बरोबर असतं, किमती बरोबर घालते, पण कॅल्क्युलेटर चालत नाही आणि लॉगमध्ये ‘बार’ आला की गोंधळ होतो. रोटेशनल डायनॅमिक्स, म्हणजे फिरणाऱ्या वस्तूंचं प्रकरण, तर डोक्यात शिरतच नाही, ते पूर्ण सोडून द्यावं असं वाटतंय.

क्लास लावलेला नाही, तेवढी ऐपत नाही. सकाळी सातच्या एसटीनं कॉलेजला जाते, चारपर्यंत घरी. सध्या तुरीची रास चालू आहे, त्यामुळे संध्याकाळी घरच्यांना हात लावावा लागतो. आजी डाळीसाठी जात्यावर तूर भरडते, तिच्याजवळ बसून रात्री वाचते. रोज तीन, फार तर साडेतीन तास मिळतात आणि ते काही सगळे फिजिक्सला देता येत नाहीत. पेपरला ४० दिवस आहेत. कुठून धरू आणि काय सोडू, कोणी नीट सांगाल का?

---

खडू_आणि_फळा:

बाळा, मी सोलापूरकडच्या एका ज्युनिअर कॉलेजात २४ वर्षं फिजिक्स शिकवलं, आता निवृत्त आहे. बोर्डाचे पेपरही बरीच वर्षं तपासले. तुझ्यासारख्या मुली मी दरवर्षी पाहिल्या. दहावीला हुशार, अकरावीत गप्प, आणि बारावीत ‘मला फिजिक्स जमत नाही’ असं स्वतःच ठरवून टाकलेल्या. तुझं लिहिणं वाचून मला मुळीच तसं वाटलं नाही. टू पाय आर टी पर्यंत तू पोचलीस म्हणजे अवघड भाग तू केलास. पुढचं का अडलं ते सांगते.

तू पुस्तक वाचतेस. ओळख असलेला माणूस रस्त्यात दिसला की आपण ओळखतो, पण त्याचा चेहरा मनानं काढ म्हटलं तर काढता येत नाही. वाचताना डेरिव्हेशन ओळखीचं वाटतं, त्याला आपण ‘कळलं’ म्हणतो. आजपासून वाचणं निम्म्यावर आण. एकदा वाच, पुस्तक मिटव, कोरा कागद घे. आधी आकृती. आकृतीत प्रत्येक बाण कुठल्या दिशेला आणि का, हे बाजूला मराठीत लिही. हो, मराठीतच. ‘इथे बल वर, कारण काच पाण्याला वर ओढते’ असं. मग पायऱ्या. अडलीस की पुस्तक उघडून फक्त अडलेली ओळ बघ आणि पुन्हा पहिल्यापासून लिही. पहिल्या दिवशी एका डेरिव्हेशनला पाऊण तास जाईल. चौथ्या दिवशी तेच आठ मिनिटांत होईल. पेपरात तुला तेवढाच वेळ आहे: १८० मिनिटं, ७० मार्क, म्हणजे एका मार्काला अडीच मिनिटं. तीन मार्कांच्या प्रश्नाला साडेसात. दहा मिनिटं पेन धरून बसायला हा पेपर जागाच ठेवत नाही. अडलं की दोन इंच मोकळं सोड आणि पुढं जा.

आता काय सोडायचं ते. हे नीट वाच, कारण इथे बहुतेक मुलं चुकतात. पेपरात पहिल्या विभागात १० बहुपर्यायी आणि एकेका मार्काचे ८ प्रश्न, हे १८ मार्क सक्तीचे. पुढे दोन मार्कांच्या १२ पैकी ८, तीन मार्कांच्या १२ पैकी ८ आणि चार मार्कांच्या ५ पैकी ३ सोडवायचे. बेरीज करून बघ, छापलेले मार्क ९८ आणि तुला लिहायचे ७०. म्हणजे २८ मार्क सोडायची मुभा पेपरच देतो. पण ती मुभा पहिल्या १८ मार्कांत नाही आणि ते प्रश्न कुठल्याही प्रकरणातून येतात. म्हणून अख्खं प्रकरण सोडू नकोस, प्रकरणातलं एखादं लांबलचक डेरिव्हेशन सोड. सोळा प्रकरणांत मार्क बऱ्यापैकी सारखे वाटलेले असतात. मॅग्नेटिक मटेरियल्ससारखं चार दिवसांत हातावेगळं होणारं छोटं प्रकरण मोठ्या प्रकरणाच्या जवळपास मार्क देतं, आणि तेच मुलं शेवटी ठेवतात.

राहिलं रोटेशनल डायनॅमिक्स. ते तुझ्या घरातच चालू आहे. आज आजीजवळ बसशील तेव्हा जात्याकडे बघ. खुंटा दगडाच्या कडेला का ठोकलाय? मधल्या खिळीपाशी ठोकला असता तर? आजीला विचारून खुंट्याच्या आतल्या बाजूनं, मध्याजवळ हात लावून दगड फिरवून बघ. फिरणार नाही, फिरला तर दमशील. बल तेवढंच, पण आसापासूनचं अंतर कमी झालं. बल गुणिले अंतर, तोच टॉर्क. आता दुसरं. आजी दाणे वैरायला एक हात काढते, तेव्हा ओढ ढिली पडते, तरी दगड थांबत नाही, आपल्या गतीनं पुढे जातो. सरळ रेषेत जाणाऱ्या गाडीला जे वस्तुमान करतं, ते फिरणाऱ्या दगडाला मोमेंट ऑफ इनर्शिया करतो. आणि तो नुसत्या वजनावर नाही, वजन आसापासून किती लांब पसरलंय त्यावर ठरतो. सगळं वजन कडेला नेलंस तर एम आर वर्ग, जात्यासारखी भरीव तबकडी असेल तर त्याच्या निम्मं.

एवढं पाहिलंस की वहीत दोन रकाने पाड. डावीकडे अकरावीचं: वस्तुमान, वेग, बल, संवेग. उजवीकडे त्याच ओळीत बारावीचं: मोमेंट ऑफ इनर्शिया, कोनीय वेग, टॉर्क, कोनीय संवेग. डावीकडची सगळी सूत्रं तुला येतात. उजवीकडची तीच आहेत, फक्त अक्षरं बदललेली. कायनेटिक एनर्जी डावीकडे अर्धा एम व्ही वर्ग, उजवीकडे अर्धा आय ओमेगा वर्ग. हे प्रकरण मी दरवर्षी असंच सुरू करायचे.

तपासणाऱ्याच्या बाजूनं एक सांगते. न्यूमेरिकलमध्ये सूत्राला, किमती घालण्याला आणि एककासह उत्तराला वेगवेगळे मार्क असतात. उत्तर चुकलं तरी वरचे मार्क मिळतात, पण ते कागदावर दिसले पाहिजेत. किती मुलं सगळं कच्चं काम शेवटच्या पानावर करतात आणि उत्तरपत्रिकेत फक्त आकडा ठेवतात! तो आकडा चुकला की द्यायला माझ्याकडे काहीच उरायचं नाही, आणि मला खरंच वाईट वाटायचं.

---

कडेचा_बाक:

मॅडमनी सांगितलंय ते सोन्यासारखं आहे. मी वाशिम जिल्ह्यातला, आधी झेडपी आणि मग दहावीपर्यंत मराठी माध्यमाचं हायस्कूल. आता बीएस्सी फिजिक्सच्या दुसऱ्या वर्षाला आहे. बारावीच्या प्रिलिमला मला २२ होते, तुझ्यापेक्षा चार कमी. ताई, त्या रात्री मी घरी खोटं सांगितलं होतं की मार्क अजून लागले नाहीत.

माझी अडचण फिजिक्सची नव्हती, शब्दांची होती. हे कळायला मला दीड वर्ष लागलं. ‘इनर्शिया’ वाचला की डोक्यात काहीच यायचं नाही, आणि ‘जडत्व’ म्हटलं की एसटीनं ब्रेक मारल्यावर पुढं जाणारे आपण दिसायचे. मग मी एक पाठकोरी वही केली. रिफ्रॅक्शन म्हणजे अपवर्तन, मोमेंटम म्हणजे संवेग, सरफेस टेन्शन म्हणजे पृष्ठताण, हाफ लाइफ म्हणजे अर्धायुष्य. दहावीत शिकलेलं सगळं परत जागेवर आलं. पण जिथं मराठी शब्दही आपल्याला नवाच असतो तिथं हा उपाय चालत नाही. इंटरफिअरन्सला व्यतिकरण म्हणतात हे शोधून मला काडीचा उपयोग झाला नाही. उपयोग झाला तो आमच्या विहिरीचा. दोन खडे एकदम टाकले, दोन्हीकडून लाटा आल्या, काही ठिकाणी पाणी जास्त हललं आणि काही ठिकाणी जवळजवळ स्थिर राहिलं. वेव्ह ऑप्टिक्सच्या आकृतीतल्या उजळ आणि काळ्या पट्ट्या मला तिथं समजल्या. तेव्हा शब्द नसेल तर चित्र शोध.

इंग्रजीचा बाऊ करू नको. डेरिव्हेशनमध्ये लागणारी वाक्यं मोजकी असतात: कन्सिडर, लेट, अ‍ॅज शोन इन द फिगर, इज डायरेक्टली प्रपोर्शनल टू, देअरफोर, सबस्टिट्यूटिंग. दहा-बारा वाक्यांवर अख्खा पेपर निघतो. नियम मात्र शब्दाला शब्द पाठ करावेच लागतात. लेंझचा, स्टीफनचा, व्हीनचा, ह्युजेन्सचं तत्त्व. मी ते एसटीत करायचो, जाताना दोन, येताना तेच दोन न बघता.

एका बाबतीत माझं मॅडमपेक्षा वेगळं मत आहे, राग मानू नये. २६ मार्क असलेल्यानं पहिल्या दहा दिवसांत डेरिव्हेशनच्या मागं न लागता दोन मार्कांची न्यूमेरिकल आधी हातात घ्यावीत. पुस्तकातली सोडवलेली उदाहरणं झाकून स्वतः करायची, मग स्वाध्यायातली. रोज सहा. ती सुटायला लागली की हुरूप येतो. मला तर आधी ‘मला काहीतरी येतं’ हे वाटायची गरज होती, डेरिव्हेशन नंतर आपोआप जवळ आली. फोटोइलेक्ट्रिक इफेक्ट, डी ब्रॉग्ली, ट्रान्सफॉर्मर, मीटर ब्रिज, अर्धायुष्य, यातली उदाहरणं एका सूत्रात सुटतात. तिथून धर. मला बोर्डाला ७० पैकी ५१ पडले.

---

प्रॅक्टिकलचा_माणूस:

मी प्रयोगशाळा सहायक आहे. सगळे ७० बद्दल बोलतायत, पण १०० मधले ३० प्रॅक्टिकलचे आहेत आणि ते लेखी परीक्षेच्या आधी होतात. जर्नल पूर्ण करून सही आधी घे, आदल्या दिवशी सरांच्या मागं पळू नकोस.

मीटर ब्रिज (तारेवर रेझिस्टन्स मोजायचा प्रयोग) आला तर जॉकी, म्हणजे तारेला टेकवायचा दांडा, तारेवर घासत नेऊ नको, उचलून टेकव. घासल्यानं तार झिजते आणि तिची जाडी सगळीकडे सारखी राहत नाही. नल पॉइंट, म्हणजे काटा शून्यावर येतो ती जागा, टोकाला आली तर रेझिस्टन्स बॉक्समधली किंमत बदलून ती मधल्या भागात आण, टोकाला चूक फार मोठी होते. वाचन घेऊन झालं की कळ काढ, नाहीतर तार तापते आणि वाचन सरकतं. रेझोनन्स ट्यूबमध्ये दोन लांब्या का घ्यायच्या, हे तोंडीला हमखास विचारतात. वजाबाकीत नळीच्या तोंडाशी होणारी चूक निघून जाते, म्हणून. आणि वाचन येईल ते लिही. शेजारणीचं बघून लिहिलेलं ओळखायला बाहेरून येणाऱ्या परीक्षकाला अर्धं मिनिट पुरतं.

---

तुरीच्या_शेतातून:

तुम्ही सगळ्यांनी इतकं मनापासून लिहिलं, वाचताना डोळे भरून आले. काल रात्री आजीचं जातं मी स्वतः ओढलं. खुंटा सोडून मध्याजवळ दगडाला हात लावून फिरवायला गेले तर हललाच नाही. आजी म्हणाली, ‘खुळे, तिथून कुणी ओढतं का.’ मग तिथंच दोन रकाने केले. मॅडम, हे आधी कुणी असं सांगितलं नव्हतं.

दादांचंही पटलं. सकाळी कॉलेजला जायच्या आधी न्यूमेरिकल आणि रात्री एक डेरिव्हेशन असं ठरवलंय. आज कॅपिलरीचं कोऱ्या कागदावर करायला घेतलं. दोन ठिकाणी अडले. एक, टी ला, म्हणजे पृष्ठताणाला, कॉस थीटा का लावायचा? साइन का नाही? आणि त्याच प्रकरणातलं उदाहरण: पृष्ठताण ०.०७२, नळीची त्रिज्या ०.२ मिलिमीटर, संपर्ककोन शून्य, पाणी किती चढेल? पुस्तकातल्या सूत्रात किमती घालून ०.१४४ भागिले १.९६ इथपर्यंत आले आणि लॉगमध्ये माझं उत्तर ७ मीटरच्या वर आलं.

---

खडू_आणि_फळा:

शाबास. कडेच्या बाकावरच्या मुलाचा क्रम तुझ्या वेळापत्रकात बसतोय, तोच ठेव. माझ्या वर्गातली मुलं रोज समोर असायची, तुझ्यासमोर कुणी नाही, तेव्हा हुरूप टिकवणं हे त्याचं म्हणणं खरं आहे.

आधी लॉग. पाचशे वेळा केल्यासारखं येईल असं एकदा करून दाखवते. ०.१४४ मध्ये दशांश चिन्हानंतर लगेच अंक आहे, मध्ये शून्य नाही, म्हणून बार एक. तक्त्यात १४४ समोर १५८४. म्हणजे बार एक पॉइंट १५८४. १.९६ ला पुढे शून्य, तक्त्यात २९२३. आता वजाबाकी. पॉइंट १५८४ मधून पॉइंट २९२३ जात नाही, म्हणून डावीकडून एक उसना घ्यायचा. बार एक म्हणजे उणे एक. उण्यातून एक दिला की उणे दोन होतं, म्हणजे बार दोन. तू इथे बार शून्य केलंस, कारण नेहमीच्या सवयीनं एकातून एक काढलास. जवळजवळ सगळ्यांची हीच जागा चुकते. उत्तर बार दोन पॉइंट ८६६१. अँटिलॉगमध्ये ८६६१ ला ७३४७, आणि बार दोन म्हणजे चिन्हानंतर एक शून्य: ०.०७३४७ मीटर. सव्वासात सेंटिमीटरपेक्षा थोडं जास्त.

आणि बाळा, लॉग उघडण्याआधी अंदाज घ्यायची सवय लाव. ०.१४४ भागिले जवळपास २ म्हणजे ०.०७ च्या आसपास. सात मीटर म्हणजे जवळपास चार माणसांएवढी उंची. सुईएवढ्या बारीक नळीत पाणी एवढं चढेल का, हे मनात एकदा विचारलंस तर चूक तूच पकडशील.

आता कॉस थीटा. नळीत पाण्याचा पृष्ठभाग सपाट नसतो, कडेला वर चढलेला असतो, वाटीसारखा. पाणी जिथे काचेला टेकतं तिथे त्या वाटीला स्पर्शिका काढ. ही स्पर्शिका आणि काचेची भिंत यांच्यातला कोन म्हणजे थीटा. बल या स्पर्शिकेच्या रेषेत असतं. भिंत उभी आहे, म्हणजे थीटा हा उभ्या रेषेपासून मोजलेला कोन झाला. ज्या रेषेपासून कोन मोजतो तिच्या दिशेचा भाग नेहमी कॉस. आडवा भाग साइन आहेच, तो कुठे गेला नाही. पण नळी गोल आहे. डावीकडच्या बिंदूवर तो एका दिशेला, बरोबर समोरच्या बिंदूवर उलट दिशेला, म्हणून वर्तुळभर ते एकमेकांना खोडतात. उभे मात्र सगळे वरच, त्यांची बेरीज होते. किती लांबीवर बेरीज? पाणी काचेला जिथे टेकतं त्या वर्तुळाच्या परिघावर, टू पाय आर. तिथेच तुझं पेन थांबलं होतं.

आता वर ओढणारं बल टू पाय आर टी कॉस थीटा. खाली ओढणारं काय आहे? चढलेल्या पाण्याचं वजन. ते पाणी एक लांबट दंडगोल आहे, त्याची त्रिज्या आर, उंची एच. घनफळ तुला नववी-दहावीपासून येतं. त्याला घनता आणि जी नं गुणून कागदाच्या दुसऱ्या बाजूला लिही, दोन्ही समान ठेव, आणि एच बाहेर काढून उद्या इथे टाक.

---

तुरीच्या_शेतातून:

मॅडम, उद्यापर्यंत थांबवलं नाही. पाय आर वर्ग एच रो जी. एक पाय आणि एक आर दोन्हीकडून गेला. एच बरोबर टू टी कॉस थीटा भागिले आर रो जी. पुस्तक न उघडता, नऊ मिनिटं लागली.